सर, खुर्ची हलली

जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धा चालू होत्या. गोळाफेकीचं वर्तुळ फक्कीने आखलेलं होतं आणि वर्तुळात मंडपवाल्याकडून आलेली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. कमरेखाली संवेदना नसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलीला उचलून त्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची सरकू नये म्हणून शाळेतली चार मुलं तिचे चार पाय धरून उकिडवी बसली. मुलीने गोळा मानेशी टेकवला, डावा पंजा खुर्चीच्या हातावर दाबला आणि जोर लावला. त्याच क्षणी तो प्लॅस्टिकचा हात बाहेरच्या अंगाला वाकला, मुलीचं धड डावीकडे कललं आणि गोळा उजवीकडे निसटला. अंतर तीन मीटरच्या आत. निवेदक माइकवरून म्हणाले, "अंतर महत्त्वाचं नाही मंडळी, जिद्द महत्त्वाची!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. त्या कडकडाटात मुलगी पंचांना सांगत होती, "सर, खुर्ची हलली."

पंचांनी कागदावर अंतर लिहिलं. खुर्ची हलल्याची नोंद करायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

त्या तीन शब्दांनी माझी पाठ सोडलेली नाही. त्या मुलीने आपल्या खेळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अचूक सांगितली होती आणि मैदानावरच्या शंभर-दीडशे लोकांपैकी एकानेही ती मनावर घेतली नाही. आम्ही तिच्या हिमतीचं कौतुक करण्यात मग्न होतो. हे कौतुक आता मला अन्यायाचा एक प्रकार वाटतं. ज्याने माप घ्यायला हवं होतं तो टाळ्या वाजवून मोकळा होतो, आणि कमी पडलेलं अंतर खेळाडूच्या शरीराच्या खात्यावर मांडलं जातं.

उभ्याने गोळा फेकणारा खेळाडू हाताने फेकतो असं दिसतं. त्याचा जोर मात्र पायांतून सुरू होतो. पाय जमिनीला रेटतात, जमीन उलट रेटते, आणि तो रेटा गुडघा, कंबर, धड, खांदा, कोपर असा चढत शेवटी बोटांपर्यंत पोचतो. विहिरीवरून घरापर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात पुढे द्याव्यात तसा प्रत्येक सांधा आपला वेग पुढच्याच्या हवाली करतो. बसून फेकणाऱ्याच्या रांगेत सुरुवातीची माणसं गैरहजर असतात. काहींचे पाय नाहीत, काहींचे पाय आहेत पण हुकमात नाहीत, काहींच्या पोटापाठीचे स्नायूही निकामी झालेले असतात. तरीही जमिनीला कुणीतरी रेटायलाच हवं, कारण उलट रेटा मिळाल्याशिवाय गोळा पुढे जात नाही. ते काम खुर्ची करते. म्हणून ती जमिनीला घट्ट बांधलेली लागते. ती बोटभर सरकली तरी खेळाडूने कमावलेल्या जोरातला काही हिस्सा खुर्ची सरकवण्यातच खर्च होतो.

किती खर्च होतो? साधं गणित मांडून पाहू. जमिनीपासून १.६ मीटर उंचीवरून, सेकंदाला ८ मीटर वेगाने, योग्य कोनातून सुटलेला गोळा हातापासून सुमारे ७.९६ मीटर अंतरावर पडतो. हात १० सेंटिमीटर खाली आला तर ८ सेंटिमीटरचं नुकसान होतं. पण सुटतानाचा वेग फक्त अर्ध्या मीटरने वाढला तर अंतर सुमारे ८६ सेंटिमीटरने वाढतं. मैदानावर मी प्रशिक्षकांना खुर्चीच्या उंचीवर वाद घालताना पाहिलं आहे. उंची महत्त्वाची आहेच, पण घट्ट बसलेल्या, न डगमगणाऱ्या बैठकीतून मिळणारा वेग तिच्या कितीतरी पट मोलाचा आहे. कोनाचंही तसंच. शाळेच्या पुस्तकातले ४५ अंश इथे चालत नाहीत, कारण गोळा हातातून सुटतो तो जमिनीच्या बराच वरून. वरच्या उदाहरणात योग्य कोन ३९ अंशांच्या आसपास येतो. वेग सेकंदाला ५ मीटरच असेल तर तो ३४ अंशांपर्यंत उतरतो. ज्याचा वेग कमी त्याने गोळा जास्त चपटा सोडायचा. हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही, तो खेळाडू वर्षानुवर्षं गोळा उगीच आभाळात चढवत राहतो.

जागतिक स्पर्धांचे नियम या खुर्चीबद्दल स्पष्ट आहेत. बैठकीची उंची, गादी धरून, ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बैठक चौकोनी, प्रत्येक बाजू किमान ३० सेंटिमीटर. ती सपाट असावी किंवा मागच्या बाजूला उतरती. पाठीला आणि बाजूंना आधार चालतो, पण स्प्रिंग किंवा उसळी देणारं काहीही चालत नाही. पुढे एक उभा दांडा लावता येतो. मैदानावर सगळे त्याला पोल म्हणतात. तो एकाच सरळ तुकड्याचा हवा आणि छेद गोल किंवा चौरस. फेकताना गुडघ्यामागपासून बसण्याच्या हाडापर्यंत मांडी बैठकीला टेकलेली राहिली पाहिजे, उचलली की फाउल. या चौकटीत बाकी सगळं मोकळं आहे. बैठक कुठल्या दिशेला वळवायची, पोल किती पुढे आणि किती डावीकडे घ्यायचा, पट्टे मांडीवर बांधायचे की कमरेवर, पाय कशावर टेकवायचे, हे त्या एका माणसाचं शरीर पाहून ठरवायचं असतं.

पोलाचंच पाहा. उजव्या हाताने फेकणारा डाव्या हाताने पोल धरतो आणि ओढतो. पोटापाठीचे स्नायू शाबूत असलेल्याला त्या ओढीची मदत होते. ज्याचं धड निकामी आहे, त्याच्यासाठी ती ओढ म्हणजेच धड. पोल नसेल तर तो पुढे झेपावला की परत उठूच शकत नाही. पोल फार लांब असेल तर कोपर आधीच सरळ होऊन बसतं आणि ओढायला हातात काही उरत नाही. फार जवळ असेल तर गोळा धरलेल्या खांद्याला वळायलाच जागा राहत नाही. बरोबर जागा चार बोटांच्या फरकात असते आणि ती पुस्तकात सापडत नाही. खेळाडूला बसवून, फेकायला लावून, विचारून, पोल सरकवून पुन्हा फेकायला लावूनच ती सापडते.

शरीरागणिक हा हिशेब बदलतो, म्हणून तर बसून फेकणाऱ्यांचे गट आहेत. मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्यांचे एफ ३१ ते ३४, आणि स्नायूंचं बळ गेलेल्या किंवा अवयव गमावलेल्या खेळाडूंचे एफ ५१ ते ५७. आकडा जितका लहान, तितकी शाबूत हालचाल कमी. एफ ५१ मधल्या खेळाडूच्या पंजातही बळ नसतं, मूठ वळत नाही. तो क्लब नावाचा ३९७ ग्रॅमचा लाकडी दांडका बोटांत अडकवून, चिकट लेपाच्या आधाराने फेकतो. काही जण तर पाठमोरे बसून डोक्यावरून मागे फेकतात. २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये याच गटात भारताच्या धरमबीरने ३४.९२ मीटरवर क्लब फेकून सुवर्ण मिळवलं, आणि त्याच मैदानावर प्रणव सूरमाने ३४.५९ मीटरचं रौप्य. धरमबीरच्या पहिल्या चार फेकी फाउल होत्या, पाचवी सुवर्णाची ठरली. त्याला घडवणारे अमित सरोहा स्वतः याच गटातले खेळाडू. खुर्चीत बसलेल्या माणसाने खुर्चीत बसलेल्या माणसाला शिकवलं, हे मला त्या पदकाइतकंच मोलाचं वाटतं. २०१६ मध्ये रिओला एफ ५३ गटात दीपा मलिक यांनी ४.६१ मीटरवर गोळा टाकून रौप्य जिंकलं. पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि पॅरिसलाच एफ ५७ मध्ये होकाटो सेमा यांनी १४.६५ मीटरचं कांस्य घेतलं. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, पण धड, कंबर आणि दुसरा पाय यांचं बळ शाबूत आहे. एफ ५७ च्या खेळाडूला एफ ५३ ची उंच पाठीची, छातीशी पट्टे आवळलेली खुर्ची दिली तर त्याचं शाबूत बळ आपण बांधून ठेवू. एफ ५३ च्या खेळाडूला एफ ५७ ची मोकळी खुर्ची दिली तर तो खेळाडू पडेल. एकच खुर्ची आळीपाळीने सगळ्यांना देणाऱ्या स्पर्धेत नक्की काय मोजलं जातं, हे मला कुणीतरी सांगावं.

अंतराचं नुकसान तरी भरून काढता येतं. कातडीचं नुकसान अनेकदा भरून येत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला बसल्या जागी काय टोचतंय ते कळत नाही. खिळ्याचं डोकं, प्लायवूडची कड, रेक्झिनची शिवण, काहीही पुरतं. तासाभराच्या सरावात लालसर डाग उठतो, तो लक्षात येत नाही, आठवड्याभरात त्याची जखम होते आणि ती जखम माणसाला महिनोन्‌महिने पालथं निजवते. आपल्याकडे सराव उघड्या मैदानावर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. एप्रिल-मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या लोखंडी बैठकीवर बसवलं तर मांडी भाजते आणि भाजल्याचं त्याला घरी गेल्यावर, कपडे बदलताना कळतं. मानेत इजा झालेल्यांना तर पुरेसा घामही येत नाही. त्यांचं अंग तापत जातं आणि सावली, पाणी, ओला पंचा हे त्यांच्यासाठी साहित्याइतकंच साहित्य असतं. ट्रकवर माल बांधायचा रॅचेट पट्टा मांडीवर कचकचून आवळला की वरच्या पातळीवर इजा असलेल्यांचा रक्तदाब एकदम धोकादायक वाढू शकतो. आणि त्या नियमातली एक बारीक गोष्ट पाहा. ७५ सेंटिमीटरमध्ये गादी धरलेली आहे. म्हणजे कारागिराने आधीच बैठक ७५ ला बांधून टाकली तर गादीला जागाच उरत नाही, आणि खेळाडूला उघड्या फळीवर बसावं लागतं. आधी गादी ठरवायची, मग लोखंड कापायचं. हे एवढं वेल्डरला सांगणारं माणूस तिथे नसतं म्हणून कुणाच्या तरी अंगावर जखम होते.

हे ज्ञान आपल्याला परकं आहे असं म्हणायची सोय महाराष्ट्राला तरी नाही. १९४८ च्या जुलैत इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, तिथून पॅरालिम्पिक चळवळीची सुरुवात धरतात. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९७२ मध्ये, हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकून आणणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. खडकीला मज्जारज्जूची इजा झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र कित्येक दशकं उभं आहे. होकाटो सेमा गोळाफेकीकडे वळले तेही पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांची ताकद हेरली म्हणून. त्या केंद्रात पाय कसा बसवतात? उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घेतात, त्यावरून खोबण घडवतात, घालून पाहतात, घासतात, पुन्हा घालून पाहतात. तयार पायांचा ढीग ओतून 'बसेल तो घ्या' असं तिथे कुणी म्हणत नाही. फेकण्याची खुर्चीदेखील त्या खेळाडूचा पायच आहे. मग ती तेवढी मंडपवाल्याकडून का यावी?

माझा राग त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीपेक्षा मोठ्या गोष्टीवर आहे. साहित्यवाटपाच्या शिबिरांत आपण एकाच मापाच्या तीनचाकी सायकली, एकाच मापाच्या कुबड्या, एकाच मापाच्या व्हीलचेअर रांगेने मांडतो आणि लाभार्थ्यांना नावं पुकारून बोलावतो. शेजारच्या माणसाची चप्पल पायात सैल झाली तर आपण दोन पावलं चालणार नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही शिकवण आपण या माणसांवर शब्दशः लादली आहे. इथे पाय पाहून अंथरूण शिवायला हवं. घेणारा उपकाराखाली वाकलेला असतो, म्हणून 'हे माझ्या मापाचं नाही' म्हणायची त्याला चोरी होते. 'अपंग' म्हणायचं सोडून आपण 'दिव्यांग' म्हणू लागलो. माप घ्यायचं त्यानंतरही राहूनच गेलं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की खुर्ची सुधारून अंतर वाढवायचं, तर ते अंतर खेळाडूचं की कारागिराचं? उत्तर नियमांतच आहे. स्प्रिंग नको, वाकून उसळणारा पोल नको, बैठकीवरून उठणं नको. म्हणजे खुर्चीने स्वतःहून जोर घालायचा नाही. चांगली खुर्ची खेळाडूच्या जोरात भर घालत नाही, त्याचा जोर सांडू देत नाही. उभ्या खेळाडूला आपण काँक्रीटचं टणक वर्तुळ देतो आणि त्याला लबाडी म्हणत नाही. बसलेल्यालाही टणक जमीन हवी, इतकीच ही मागणी आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो. जिथे शाळेला उतार नाही, एसटीत चढता येत नाही, तिथे फेकीच्या खुर्चीचे चोचले कशाला? मी यावर बराच विचार केला आहे. उतार हवाच आणि आधी हवा. पण या खुर्चीला परदेशी माल लागत नाही. घराच्या फाटकाला लागतं त्याहून कमी लोखंड, एक प्लायची फळी, फोम, रेक्झिन, नट-बोल्ट आणि चार पट्टे एवढंच तिचं सामान. तालुक्याच्या गावात ट्रॉली बांधणारा माणूस ती बांधू शकतो. तिथे हवी असते ती मोजपट्टी, दोन दुपारी, आणि गोल करून बसलेली चार माणसं. लोखंड जाणणारा कारागीर, सांधे आणि कातडी जाणणारी फिजिओथेरपिस्ट, नियम जाणणारा प्रशिक्षक, आणि या तिघांच्याही आधी खेळाडू स्वतः. पोल कुठे हवा हे खेळाडूचाच हात सांगेल. 'मला वाटतं इथे' असं खेळाडूने म्हटलं की मापाचा वाद तिथे संपला पाहिजे. बैठ्या फेकीच्या खुर्च्यांवर जगात गंभीर संशोधन झालं आहे. लॉरेंट फ्रोसार्ड यांनी अव्वल दर्जाच्या बैठ्या गोळाफेकपटूंच्या खुर्च्या आणि त्यांची कामगिरी अभ्यासली. ऑस्ट्रेलियातले ब्रेंडन बर्केट यांनी पोलासह आणि पोलाशिवाय होणाऱ्या फेकी सहकाऱ्यांबरोबर तपासल्या. बर्केट स्वतः पॅरालिम्पिक जलतरणपटू होते. प्रश्न ज्याच्या अंगाचा आहे तो संशोधनाच्या टेबलावर बसला की कोणते प्रश्न विचारले जातात तेच बदलतं. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर वर्षी शेवटच्या सत्रासाठी प्रकल्पाचे विषय शोधणारी मुलं असतात, आयटीआयमध्ये वेल्डिंगच्या सरावाला लोखंड जाळलं जातं. त्यांच्यापर्यंत ही गरज पोचवणं अवघड नाही. पोलाची खोबण दोन-तीन जागी, पायफळीला वरखाली करायला भोकं, आणि एकदा जागा ठरली की पक्के आवळलेले बोल्ट, एवढ्या सोयीची खुर्ची वाढत्या वयाच्या मुलामुलींना काही वर्षं पुरते.

आणि हे मागताना हात जोडायची गरज नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ३० खेळाविषयीच आहे. क्रीडासुविधा नव्याने घडवणं, दिव्यांगांची क्षमता वाढवणारं तंत्रज्ञान विकसित करणं, प्रशिक्षणाच्या सोयींसाठी निधी देणं, हे सगळं त्यात सरकारी यंत्रणेचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. आपल्या ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महापालिकांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. तो कुठे जातो हे ग्रामसभेत विचारता येतं. घरटी भांड्यांचा संच वाटून तो संपवण्यापेक्षा मैदानात चार पक्क्या कड्या रोवा. काँक्रीटमध्ये बसवलेल्या, खुर्ची बांधता येईल अशा चार लोखंडी कड्या. त्या एकदा बसल्या की खुर्चीचे पाय धरायला मुलं बसवावी लागणार नाहीत.

त्या मुलीसाठी पुढे खुर्ची झाली. तिच्या चुलत्यांच्या ओळखीच्या एका वेल्डरने बांधली. पहिल्या दिवशी पोल चुकीच्या जागी होता. ती बसली, दोनदा फेकली आणि म्हणाली, "काका, हा चार बोटं माझ्याकडे घ्या." काकांनी खडूने खूण केली, पोल कापला आणि पुन्हा जोडला. खुर्ची जड आहे, एसटीत चढत नाही, रिक्षात मावत नाही, म्हणून ती संकुलाच्या भांडारात ठेवली आहे. मुलगी आठवड्यातून तीनदा सरावाला येते. भांडाराची किल्ली एका कर्मचाऱ्याकडे असते आणि तो रजेवर असला की त्या दिवशी सराव होत नाही. दुसरी किल्ली करून द्यावी म्हणून तिने अर्ज दिला आहे.